रॉकेटला वाट मिळाली, उसाला कधी?



ह्या वेळची नोंद पिकाची नाही, वाटेची आहे. ज्यांचं रान डांबरीला लागून आहे त्यांनी नाही वाचली तरी चालेल. ज्यांची ट्रॉली दुसऱ्याच्या बांधावरून जाते त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

आमच्या शिवाराच्या टोकाला माळ आहे. मुरमाड, खडकाळ. कुसळीशिवाय काही येत नाही. मेंढरं चरतात, बाकी वर्षभर तिकडं कुणी फिरकत नाही. जिल्ह्याच्या गावातल्या इंजिनीयरिंग कॉलेजची पोरं हौसेनं रॉकेट बनवतात, त्यांचा क्लब आहे. आधी ती कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत उडवायची. तिथं आता प्लॉट पडले, घरं उठली. नवीन जागा शोधत होती. माझी पुतणी त्याच कॉलेजात आहे, तिनं आमचा माळ सुचवला. माळ आमच्या चुलत्यांचा. ते म्हणाले, "उडवा की, तिथं काय पेरलंय." पोलीस, तहसील, बाकीच्या परवानग्या ही सगळी धावपळ त्यांच्या सरांनी केली, तो विषय माझा नाही. माझ्याकडं आला तो एकच प्रश्न. "काका, जागा तर झाली, पण गाड्या तिथपर्यंत न्यायच्या कशा?"

गाड्या म्हणजे एक मिनीबस, सहा कार, सामानाचा टेम्पो आणि टेम्पोमागं दोनचाकी ट्रेलर. त्या ट्रेलरवर रॉकेट उभं करायची लोखंडी मांडणी, १५ फूट लांब. शिवाय जनरेटर.

मी म्हणलं, डांबरीच्या कडेला गायरान पडलंय, तिथंच उडवा, कशाला चिखलात शिरता? तेव्हा सरांनी नियम सांगितला. अमेरिकेत हौशी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना आहे, तिची नियमावली हे लोक पाळतात. मोठं रॉकेट असेल तर उडवायची मांडणी राहत्या घरापासून निदान १५०० फूट लांब पाहिजे. आणि ज्या रस्त्यावरून तासाला १० पेक्षा जास्त गाड्या जातात त्या रस्त्यापासूनही तेवढीच लांब. १५०० फूट म्हणजे साधारण साडेचारशे मीटर. मैदान किती मोठं पाहिजे, तर रॉकेट जितकं उंच सोडायचं त्याच्या निम्मं किंवा १५०० फूट, यातलं जे जास्त ते. वाऱ्याचा वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या वर गेला तर उडवायचं बंद.

हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं. ह्या पोरांना जागाच अशी पाहिजे की जिथं रस्ता नाही. आणि सामान असं की रस्त्याशिवाय जात नाही. आपलं उसाचं तरी काय वेगळं आहे? चांगली काळी रानं नदीकडं, ओढ्याकडं आत; डांबरी वर माळाच्या कडेनं. माल जिथं पिकतो तिथं वाट नाही, वाट आहे तिथं खडक.

रॉकेट आणि बैलगाडी

आता थोडं जुनं सांगतो, कारण पोरांना मी हेच सांगितलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंबा इथून आपल्या देशातलं पहिलं रॉकेट उडालं. थुंबा हे कोळ्यांचं गाव. तिथल्या लोकांनी घरं दिली, त्यांचं चर्चसुद्धा दिलं, तिथंच शास्त्रज्ञांनी कामाला सुरुवात केली. रॉकेटचा पुढचा भाग सायकलच्या कॅरिअरला बांधून नेतानाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. १९८१ सालचा दुसरा फोटो तर आपल्या घरचा वाटतो. ॲपल नावाचा उपग्रह चक्क बैलगाडीवर ठेवलेला. लोक तो फोटो दाखवून म्हणतात, बघा किती गरिबी होती. पण कारण वेगळं होतं. त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि लोखंडी गाडीच्या धातूमुळं त्यात अडथळा येत होता. लाकडी गाडी मोकळ्या रानात नेली आणि काम झालं. म्हणजे बैलगाडी तिथं नाइलाज म्हणून नव्हती, त्या कामाला तीच बरोबर होती.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं वाळवंट आहे. सुकलेल्या तळ्याचा तळ, मैलोन् मैल सपाट. मोठी रॉकेटं उडवायला हौशी लोक तिथं जातात. कोरडं असताना कुठूनही गाडी न्या. पण माती चिकण. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथं एका मेळ्याच्या वेळी पाऊस झाला आणि ७० हजारांच्या आसपास माणसं अडकली. गाड्या हलवायच्या नाहीत असा हुकूम निघाला, कारण चाकाला माती अशी धरायची की चाक फिरेना. पुतणीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तर मला आमची पाणंदच दिसली. चिकण माती नेवाडाची असो नाहीतर भीमेच्या काठची, पाणी पडलं की ती गाडीच्या किमतीकडं बघत नाही.

वाट पाहिली ती अशी

डांबरीपासून माळ सव्वा किलोमीटर. पहिला तुकडा मुरमाचा, बरा. मग ओढा, त्यात सिमेंटची नळी टाकलेली. मग सहाशे मीटर काळी. मग एक काटकोनी वळण. त्याच्या पुढं चढ लागला की मुरूम आणि माळ.

उडवायचा दिवस जानेवारीच्या शेवटचा रविवार धरला होता. पाऊस नाही, म्हणजे वाट कोरडी, असं सरांना वाटलं. पण आपल्याला माहीत आहे, जानेवारीत पाऊस नसला तरी कॅनॉलचं आवर्तन असतं. रात्रीची लाईट असली की माणूस मोटार चालू करून झोपतो, सरी फुटते आणि पाणी पाणंदीत उतरतं. म्हणून मी आधी कॅलेंडर नाही पाहिलं, आवर्तन पाहिलं. पाणी बंद झाल्यावर आठ दिवसांनी काळीत वाफसा येतो. वाफसा बघायचा तसाच बघितला. ढेकूळ हातात दाबलं, फुटून भुगा झालं तर गाडी जाईल, लाडू वळला तर थांबा. त्या हिशोबानं तारीख एक रविवार पुढं ढकलली. सरांनी मान्य केलं.

दुसरी गोष्ट चाकोरी. ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन चाकोऱ्या खोल पडतात आणि मध्ये वरंबा राहतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही होत नाही. कार त्या वरंब्यावर बसते, चाकं अधांतरी फिरतात, खालचं ऑईलचं भांडं फुटायची भीती. म्हणून मागच्या फळीनं वरंबा ओढून चाकोऱ्या भरल्या. दोन तासांचं काम. पण हे वाफशावरच करायचं. ओल्यात फळी मारली तर घट्ट पाट्या होतात, वाळल्यावर मारली तर ढेकळं नुसती इकडून तिकडं जातात.

तिसरी गोष्ट तारा. वळणाजवळ विजेच्या तारांना झोळ पडला होता. ट्रेलरवरची मांडणी आडवी असली तरी टेम्पोवर रचलेलं सामान किती उंच होईल ते आधी मोजून घेतलं. वायरमनला सांगून तारा ओढून घेतल्या. रॉकेट तारेवर अडकलं तर काढायला जायचं नाही, हा त्यांच्या नियमावलीतला नियम आहे, तो मला फार आवडला. आपल्याकडं पतंगापायी, आकड्यापायी किती माणसं गेली.

चौथी गोष्ट गाड्यांचा क्रम. काळीत आधी हलक्या गाड्या, मग जड. जड आधी गेली तर ती चाकोरी पाडते आणि हलकी तिच्यात बसते. काळीत कुणी थांबायचं नाही, फोटो काढायला तर मुळीच नाही. दोन गाड्यांत अंतर ठेवायचं, पुढची मुरमावर चढली की मग मागची सोडायची. काळीच्या तोंडाला माझा ट्रॅक्टर साखळीसह उभा. माळावर गाड्या लावताना तोंड परतीच्या दिशेला करून लावायच्या, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे वारं गाड्यांकडून रॉकेटकडं वाहिलं पाहिजे, तर ते गाड्यांवर येऊन पडायचं नाही.

पाचवी गोष्ट आग. माळावरचं गवत वाळलेलं. पोरांनी मांडणीच्या भोवतीचं गवत खरडून काढलं, आणि मी फवारणीचा ब्लोअर टाकी भरून आणून ठेवला. शेजारच्या रानात ज्वारी उभी, पलीकडं कडब्याची गंजी. एक ठिणगी पुरते. पुतणीनं सांगितलं की साखरेपासून बनवलेलं इंधनसुद्धा हौशी लोक रॉकेटात वापरतात. म्हणलं, मग ऊसवाल्यांचा पण हात लागला म्हणायचा! पण हे खेळणं नाही. परवाना, जाणकार माणूस आणि मोकळी जागा असल्याशिवाय कुणी नादाला लागू नये.

वळण

हे सगळं हाताच्या कामाचं होतं. खरी गाठ वळणावर होती.

तुमच्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला नको, ट्रेलर वळणावर आतून कापतो. पुढच्या गाडीची चाकं जिथून गेली तिथून ट्रेलरची जात नाहीत, ती आतल्या कोपऱ्यात शिरतात. जितका ट्रेलर लांब तितकं जास्त. काटकोनात टेम्पो वळला असता, पण मागचा ट्रेलर आतल्या बांधावर चढला असता. उसाच्या दोन ट्रॉल्यांचं तर नावच नको.

त्या आतल्या कोपऱ्यावर ज्यांचं रान आहे ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. पाणंद जुन्या नकाशावर रुंद आहे. दोन्ही बाजूंनी वर्षाला एक-एक तास नांगर आत सरकला आणि आता बैलगाडी कशीबशी जाते. यात एकट्या दादांचा दोष नाही, दोन्ही अंगांनी झालेलं आहे. पण वळण त्यांच्या वाट्याला आलं म्हणून नाव त्यांचं पुढं. वळणाच्या पलीकडं चार घरांची रानं आहेत. त्यांचा ऊस दरवर्षी शेवटी जातो. टोळीचा मुकादम म्हणतो, गाडी लागत नाही तिथं तोडणार नाही. मग डोक्यावर मोळ्या वाहून काळी ओलांडायची, त्याचे वेगळे पैसे. मागच्या हंगामात एका घराचा ऊस मार्च संपेपर्यंत उभा होता. उन्हानं वाळतो, वजन घटतं, तुरा येऊन पोकळ होतो. अकरा वर्षं हे चाललंय. बांधावरून शिवीगाळ झाली, एकदा प्रकरण पोलीस पाटलापर्यंत गेलं. वाट काही निघाली नाही.

मी सर आणि पुतणीला घेऊन संध्याकाळी दादांच्या घरी गेलो. चहा झाला. सरांनी कागद काढला. त्यावर तारीख, सकाळी ७ ला गाड्या येणार, दुपारी २ च्या आत परत जाणार, एकूण गाड्या आठ आणि ट्रेलर एक, वळणावर आतून किती फूट जागा लागणार आणि त्यात ज्वारीच्या किती ओळी येतात, हे सगळं लिहिलेलं. खाली सरांची सही आणि नुकसान झाल्यास भरपाई क्लब देईल असं वाक्य.

दादांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "चाक बाहेर गेलं तर?"

सर म्हणाले, "आदल्या दिवशी चुन्यानं रेघ मारतो. रेघेच्या आत जेवढं चिरडलं तेवढं तुमच्यासमोर मोजू."

दादा म्हणाले, "चिरडायचं कशाला, मी आदल्या दिवशी कापून घेतो. जनावरांना हिरवी वैरण होईल. दाण्याचे तेवढे पैसे द्या."

झालं. पंधरा मिनिटांत. पैसे त्यांनी मोजून घेतले आणि ते मला बरं वाटलं. फुकट मागण्यातूनच निम्मी भांडणं सुरू होतात.

ठरल्या दिवशी सगळ्या गाड्या गेल्या. एका कारला साखळी लावावी लागली, कारण तिच्या ड्रायव्हरनं काळीत ब्रेक दाबला. वळणावर ट्रेलर चुन्याच्या रेघेच्या चार बोटं आतून गेला. पोरं टाळ्या वाजवायला लागली, अजून रॉकेट उडायचं होतं तरी. तीन रॉकेटं आणली होती. दोन उडाली, एक पेटलंच नाही. त्यातलं एक छत्री उघडून वाऱ्यानं माझ्या ज्वारीत येऊन पडलं. आणायला दोघंच गेले, सरीनं गेले, ताटं मोडली नाहीत. अर्धं गाव बांधावर बसून बघत होतं. दोनच्या आत माळ रिकामा.

दादांचं उत्तर

त्याच संध्याकाळी पलीकडच्या चार घरांतला एक जण पारावर दादांना म्हणाला, "पोरांच्या खेळण्याला वाट दिली, आमच्या उसाला अकरा वर्षं नाही दिली."

दादा शांतपणे म्हणाले, "त्यांनी एक दिवस मागितला. तुम्ही जन्माचं मागता. त्यांनी घरी येऊन मागितलं. तुम्ही बांधावरून मागता."

यावर पारावर कुणी बोललं नाही. मी चार दिवस त्यावर विचार केला. पलीकडच्यांची अडचण खरी आहे. पण दादांची भीतीही खरी आहे. एकदा ट्रॉली गेली की ती वहिवाट, वहिवाट झाली की नोंद, नोंद झाली की रान गेलं, हे त्यांच्या डोक्यात बसलंय. आणि कायदाही थोडा तसा आहे, म्हणून तोही नीट माहीत पाहिजे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ खाली रानात जायला वाट नसेल तर बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. आधीपासून असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली जाता येतं, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. पुष्कळ लोक शिव्या देण्यात सहा महिने घालवतात. २०२५ मध्ये शासनानं निर्णय काढला की शेतरस्ते ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी. पाणंद जुन्या नकाशावर असेल तर ती कुणाच्या बापाची नाही, दादांची नाही आणि अडवलेल्याचीही नाही. मोजणी मागवली की दगड कुठं येतो ते दिसतं.

पण माझं मत असं आहे की कायदा कपाटात तयार ठेवावा आणि आधी सरांसारखा कागद लिहावा. त्या कागदात काय होतं? किती दिवस. किती वाजता. किती रुंद. किती ओळी. नुकसान कोण देणार. आणि घरी जाऊन मागणं. आपण वाट मागतो तेव्हा यातलं एकही सांगत नाही. नुसतं "वाट द्या" म्हणतो. समोरच्याला त्या दोन शब्दांत स्वतःचं सगळं रान जाताना दिसतं.

मग आम्ही तसंच केलं. पलीकडच्या चौघांना बसवून कागद लिहिला. ह्या हंगामापुरता. तोडणीची तारीख मुकादमानं दोन दिवस आधी दादांना सांगायची. ट्रॉल्या दिवसाच जातील, रात्री नाही. आवर्तन चालू असताना नाही. वळणावर चौघांनी मिळून काळी हातभर उकरायची, खाली डबर, वर मुरूम, कडेला पाणी जायला चर. नुसता मुरूम काळीवर टाकला तर पहिल्या पावसात ती गिळते, हे सगळ्यांना माहीत आहे तरी दरवर्षी टाकतात. वैरणीचे आणि दाण्याचे पैसे ट्रॉल्या यायच्या आधी. दादांनी एक अट स्वतः घातली, की समोरच्या बाजूच्यांनीही नांगर तेवढाच मागं घ्यावा. रास्त होती, लिहिली.

फेब्रुवारीत दोन घरांचा ऊस त्या वळणावरून गेला. दोन ट्रॉल्या जोडून. अकरा वर्षांत पहिल्यांदा मोळी डोक्यावर घ्यावी लागली नाही. उरलेल्या दोघांचा तोडा चालू आहे.

सातबाऱ्यावर नोंदीला दादांनी अजून होकार दिलेला नाही. मीही रेटलं नाही. मोजणीचा अर्ज दोन्ही बाजूंच्या सह्यांनी दिलाय, त्यांची पण सही आहे, हे काय थोडं नाही. कोपऱ्यावरचा डबर-मुरूम आज तरी तसाच आहे. मृगाच्या आधी नांगरट होईल तेव्हा दादांचा नांगर तो कोपरा सोडून वळतो का त्याच्यातून जातो, यावर सगळं अवलंबून आहे. पोरं दिवाळीनंतर परत येणार म्हणतात, ह्या वेळी ट्रेलर मोठा आहे. त्यांना मी सांगितलं, कागद पुन्हा नवीन लिहून आणा. मागच्या वेळी दिली म्हणजे ह्या वेळी आहेच, असं धरून चालायचं नाही.

तुमच्याकडं वाटेचा कागद लिहायची पद्धत असेल तर कळवा. कुणी नोंदीपर्यंत गोडीत पोहोचलं असेल तर जरूर कळवा, आम्हाला त्याची गरज आहे.

राम राम.